खो-खोचा वर्ग एकदम भारी, फक्त पालकांनी तोंड आवरायची तयारी ठेवा (५ पैकी ४)

आधीच सांगते, वर्गाचं नाव लिहिणार नाहीये. सरांनीच हात जोडलेत, "ताई, पोरी पन्नासच्या वर गेल्यात, आता अजून पाठवू नका." सांगलीतल्यांना वर्णनावरून कळेलच म्हणा. संध्याकाळी साडेपाचला पाणी मारलेलं लाल मातीचं मैदान, दोन खुंट आणि एका बाजूला ताणून बांधलेली पिवळी नायलॉनची दोरी दिसली की समजायचं हेच ते. आणि ती दोरी पोरींसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

माझी मुलगी आठवीत आहे, चौदा वर्षांखालच्या टीममध्ये खेळते. दिवाळीनंतर इथं घातली, आता चार महिने झाले. त्याआधी दीड वर्ष दुसरीकडे जायची, तिथं मॅट होतं, ट्रॅकसूट होता, वार्षिक बक्षीस समारंभ होता, सगळं होतं. पण पोरगी एकदा घरी येऊन सांगते की पंच दुसरीकडे बघत असला की खो मिळायच्या आधीच उठायचं, आम्हाला त्याची प्रॅक्टिस घेतात! मी म्हटलं असेल बाई, खेळात चालतं थोडंफार. मग पुढच्या वर्षी हिचं वय बसणार नाही असं मी बोलले तर तिथले सर हसून म्हणाले, "दाखल्याचं बघता येईल हो." तेव्हा मात्र नवरा म्हणाला की उद्यापासून बंद. मी खरं सांगते, मी दोन दिवस विचार करत होते. जिल्हा, विभाग, राज्य असं वर खेळत गेलं तर पुढं दहावीला मार्क मिळतात, कोणत्या आईला नको असतात.

तर नवीन वर्ग. फी महिना चारशे. सोमवार ते शनिवार, साडेपाच ते सव्वासात, रविवारी सकाळी मॅच. सर शाळेतनं रिटायर झालेले पी.टी.चे शिक्षक आहेत, आवाज असा की कुपवाडला ऐकू जावा, पण पोरीला "तू" म्हणून कधी टाकून बोलत नाहीत. पहिले दोन आठवडे नुसतं बसणं, उठणं, खो देणं. हाताचा स्पर्श आणि "खो" हा शब्द एकदम आला पाहिजे, आधी नाही नंतर नाही, चुकलं की परत. पोरगी कंटाळली होती तेव्हा, मीही. पण आता खुंटावर सूर मारते ते बघून माझ्याच पोटात गोळा येतो.

मी रिव्ह्यू लिहायला बसले त्याचं कारण मात्र वेगळंय. जानेवारीतली मॅच. आमची पोरगी पळतीवर, तुकडीतल्या दोघी बाद झालेल्या, ही एकटी उरलेली आणि डाव संपायला मोजून काही सेकंद. समोरच्या टीमच्या पोरीनं सूर मारला, हिच्या पाठीला दोन बोटं लागली असतील नसतील. पंचांची शिट्टी नाही, त्यांना दिसलंच नाही, मला तर दिसलं नाहीच. आणि ही आमची बया स्वतःच हात वर करून चालत बाहेर! मी दोरीपाशी होते, माझ्या तोंडातनं निघालंच, "अगं ए, पळ की! शिट्टी कुठं दिलीये?" नुसतं तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं, पंचांनाही दोन शब्द सुनावले.

सर आले. शर्टाच्या खिशातनं पिवळा पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि माझ्यासमोर धरला. सगळ्यांसमोर! कबड्डीत असतं ना, हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे त्या मॅचपुरता घरी, तसं त्यांनी पालकांसाठी केलंय. पोरींना कार्ड नाही, फक्त आपल्याला. हिरवं मला डिसेंबरमध्येच मिळालं होतं (ते मी घरी सांगितलं नव्हतं). तर मी गेटच्या बाहेर भेळेच्या गाडीपाशी दोन मिनिटं उभी, भेळवाला पण ओळखीचा, म्हणतो, "ताई, आज तुम्ही होय? काल एक इन्स्पेक्टर साहेब होते." मॅच आम्ही एका गुणानं हरलो.

स्कूटीवर येताना मी बडबड करत होते तर मागनं ही म्हणते, "तिला माहिती होतं लागलंय, मला माहिती होतं लागलंय, मग पळून काय करू? आणि आई, तू जरा हळू चालव." विषय संपला.

दर शनिवारी शेवटची दहा मिनिटं सर गोष्ट सांगतात. त्यांची आवडती म्हणजे १९८० चा वानखेडेवरचा इंग्लंडविरुद्धचा टेस्ट सामना, आपला कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथ, पंचांनी बॉब टेलरला आऊट दिलेलं आणि विश्वनाथनं स्वतः जाऊन त्याला परत बोलावलं. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहिती असते, पण सांगताना लोक तिथंच थांबतात. सर पुढचं पण सांगतात, की आपण तो सामना दहा विकेटनं हरलो, बोथमनं शतक मारलं आणि तेरा विकेट काढल्या. पोरी विचारतात, "मग काय उपयोग?" सर म्हणतात, "उपयोग नाहीच," आणि उठून खुंट सरळ करायला लागतात.

दुसरं एक आवडलं. फेब्रुवारीत एका खेड्यातल्या शाळेची टीम आली होती, निम्म्या पोरी पहिल्यांदाच मॅच खेळत होत्या. आमच्या पोरी पुढं गेल्या तशा सरांनी एकेक मुख्य खेळाडू बसवून राखीव पोरी उतरवल्या. मला ते कल्याणचं आठवलं, २०१६ ला प्रणव धनावडेनं शालेय मॅचमध्ये नाबाद १००९ केले, टीमचे ३ बाद १४६५ झाले, समोरची टीम ३१ आणि ५२ मध्ये गार. विक्रम तो विक्रमच, त्या पोराचा काय दोष, आपण सगळ्यांनी पेपरचं कात्रण जपून ठेवलेलं. पण त्या ३१ आणि ५२ वाल्या पोरांपैकी परत बॅट कुणी धरली का, हा प्रश्न मला आत्ता या वर्गात यायला लागल्यावर पडला.

आता एक स्टार का कापला ते. बाथरूमची सोय म्हणजे अडचणच आहे, पोरींच्या वर्गाला हे चालत नाही, सरांना तीनदा बोललेय. मॅट नाही, आणि स्पर्धा आता बऱ्याच ठिकाणी मॅटवर होतात, मातीवरची पोर तिथं पहिल्या दिवशी घसरतेच. सर फोन उचलत नाहीत. आणि बारा जणींना आलटून पालटून खेळवायचं या नादात दोन मॅच हातच्या गेल्या असं माझं आजही मत आहे, नऊ जणी चांगल्या खेळत असताना कशाला मोडायची टीम? हे मी तोंडावर बोलले नाही कारण खिशात लाल पुठ्ठा पण असतो.

ज्यांना फक्त सर्टिफिकेट पाहिजे त्यांनी इथं येऊ नका, उगीच तुमचाही वेळ जाईल आणि सरांचाही. बाकीच्यांनी पाण्याची बाटली घरनं न्या, गुडघ्याचे पॅड पहिल्याच दिवशी घ्या, मातीनं पांढरे सॉक्स जन्मात परत पांढरे होत नाहीत तेव्हा काळेच घ्या. आणि दोरीच्या डाव्या टोकाला उभं राहायचं, उजवीकडे मावळतीचं ऊन सरळ डोळ्यात येतं.