सहायित निवास सेवा : अडीच वर्षांचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. रुग्णालयातून सुटी मिळताना ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाला ‘गोळ्या चुकवू नका’ एवढेच उत्तर मिळते, आणि आई-वडील थकल्यावर तेवढ्याने भागत नाही. म्हणून अडीच वर्षांपूर्वी आम्ही एका सहायित निवास सेवेकडे, म्हणजे राहायला स्वतंत्र घर आणि त्या घरी येऊन मदत देणाऱ्या सेवेकडे, वळलो. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

हे वसतिगृह नव्हे. घर छोटे आहे, पण भाडेकरार भावाच्या नावावर आहे आणि चावी त्याच्याकडे असते. आठवड्यातून तीनदा येणारा कार्यकर्ता बेल वाजवतो आणि दार उघडेपर्यंत बाहेर थांबतो. पहिल्या आठवड्यात भाऊ कुलूप लावून जिना उतरायचा आणि लगेच वर येऊन ते पुन्हा उघडून पाहायचा. कपड्यांची बॅग मात्र चौथ्या महिन्यापर्यंत त्याने रिकामी केली नव्हती. संस्थेत राहणाऱ्यांना ‘रुग्ण’ न म्हणता ‘शुभार्थी’ म्हणतात. भावाला विचाराल तर ‘भाडेकरू’ हा शब्द त्याला अधिक आवडतो.

या सेवेची सर्वांत मोलाची बाब म्हणजे घर आणि औषधोपचार यांची केलेली फारकत. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी ‘पाथवेज टू हाउसिंग’ सुरू केले तेव्हा रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांना आधी घर दिले आणि त्यासाठी उपचारांची किंवा व्यसनमुक्तीची अट घातली नाही. या तत्त्वाचा कस आमच्याकडे दहाव्या महिन्यात लागला. भावाने गोळ्या बंद केल्या, आजार उलटला आणि त्याला तेवीस दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. तोवर त्याची खोली दुसऱ्या कोणाला दिली गेली नाही, कोणी त्याचे सामान हलवले नाही. परत आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरचे मागे राहिलेले पान त्याने स्वतः उलटले. पूर्वी प्रत्येक वेळी रुग्णालयातून आल्यावर सगळी घडी नव्याने बसवावी लागत असे. या वेळी ती मोडलीच नव्हती.

तरीही घर मिळाले की आजार ओसरेल, ही अपेक्षा कुटुंबीयांनी ठेवू नये. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांतील दोन हजारांहून अधिक लोकांवर याच पद्धतीची चाचणी झाली. तिथेही घर टिकण्याच्या बाबतीत मोठा फरक दिसला; आजाराची लक्षणे मात्र असे घर मिळालेल्या आणि फक्त नेहमीच्या सेवा मिळालेल्या, अशा दोन्ही गटांत साधारण सारखीच कमी झाली.

पुनर्वसनाचा भाग मला कच्चा वाटला. बँकेचे व्यवहार, प्रवास, स्वयंपाक हे नीट शिकवले गेले, पण नोकरीची ‘पूर्वतयारी’ म्हणून भावाला वर्षभर पाकिटे चिकटवायला बसवले. आधी खरी नोकरी आणि मग त्या जागी पाठबळ, या क्रमाने अधिक लोकांना काम मिळते हे अभ्यासांतून दिसून आले असताना हे वर्ष वायाच गेले, असे मी म्हणेन. आम्ही आग्रह धरल्यावर त्याला एका ग्रंथालयात अर्धवेळ काम मिळाले आणि ते अजून टिकून आहे.

दुसरी तक्रार माणसांची. अडीच वर्षांत चार कार्यकर्ते बदलले. प्रत्येक नव्या माणसाला आपली कहाणी पहिल्यापासून ऐकवावी लागते. चौथ्या वेळी भावाने ‘फाइल वाचा’ एवढेच सांगितले. त्यांचा तरी दोष काय? गंभीर आजारांसाठी घरोघरी जाणाऱ्या पथकांमध्ये एका कार्यकर्त्यामागे साधारण दहा जण असावेत असा दंडक आहे, इथे एकेकाकडे बावीस आहेत. शिवाय रविवारी तातडीचा क्रमांक फिरवला की पलीकडे पहारेकरी असतो. तो सौजन्याने बोलतो, निरोपही लिहून घेतो, पण भासाचे आवाज ऐकू येऊ लागलेल्या माणसाला सोमवारपर्यंत थांबता येत नाही.

गेल्या महिन्यात कराराचे नूतनीकरण झाले. या वेळी भावाने तो स्वतः पूर्ण वाचला आणि सही करण्याआधी एक कलम वाढवून घेतले: कार्यकर्ता बदलणार असेल तर दोन आठवडे आधी कळवावे, आणि जुन्याने नव्याला सोबत घेऊन यावे.