इन्कॉइसचा मासेमारी सल्ला: कोकणच्या बंदरावर कितपत उपयोगाचा?

मिरकरवाड्याला किंवा देवगडला बोटीत डिझेल भरण्याआधी तांडेलापुढे, म्हणजे बोटीच्या म्होरक्यापुढे, तीन प्रश्न असतात. आज बाहेर पडायचं का, कुठल्या अंगाला जायचं, आणि किती वावावर जाळं टाकायचं. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, या तिन्ही प्रश्नांवर फुकट सल्ला देतं. तो संकेतस्थळावर, मोबाइलवरच्या ‘समुद्र’ या ॲपवर आणि काही बंदरांतल्या फलकांवर मिळतो. मासळी कुठे असण्याचा संभव आहे ते मराठीतही वाचता येतं. सॉफ्टवेअर म्हणून ही सेवा झगमगीत नाही. पण परीक्षण करायचं तर बघावं इतकंच, की ती वाचून तांडेलाचा बेत बदलतो का आणि बदलला तर डिझेल वाचतं का.

सल्ल्याची एक ओळ नमुन्यादाखल अशी धरा: देवगड, दिशा पश्चिम, २६५ अंश, अंतर ४२ ते ४७ किलोमीटर, खोली ४८ ते ५३ मीटर, आणि पुढे अक्षांश-रेखांश. काम होण्यापुरतं यात सगळं आहे, फालतू एक शब्द नाही. अडचण मापांची आहे. बोटीवर अंतर नॉटिकल मैलात मोजतात आणि खोली वावात. किलोमीटरला १.८५२ ने भागलं की मैल निघतात. तोंडी करायचं तर निम्मं करून त्यात आणखी आठ टक्के घालायचे. म्हणजे वरचं अंतर साधारण २३ ते २५ मैल झालं. मीटरला १.८३ ने भागलं की वाव मिळतात, म्हणजे २६ ते २९ वाव. आठ नॉटच्या, म्हणजे तासाला आठ नॉटिकल मैलांच्या, चालीने तिथे पोचायला तीन तास लागतात, हे कळलं की तांडेल पुढचं ठरवू शकतो. हा हिशेब आज तो डोक्यात करतो. तो ॲपने करायला हवा. ज्याच्यासाठी वस्तू बनवली त्याची मापं वापरणं ही पहिली पायरी, आणि नेमकी तीच इथे राहून गेली आहे.

अक्षांश-रेखांशात दुसरी गफलत होते. सल्ल्यात आकडे अंश, मिनिटं, सेकंद असे येतात. बोटीवरचे बरेचसे जीपीएस मात्र अंश आणि दशांश मिनिटं घेतात. १६ अंश २२ मिनिटं ३० सेकंद हे कुणी १६ अंश २२.३०० असं घातलं तर चुकलं. सेकंदांना ६० ने भागायचं असतं, म्हणजे ते २२.५०० हवं. उत्तर-दक्षिण अंगाला इथे ३७० मीटरचा फरक पडतो. सेकंद ५९ असतील तर तोच फरक पाऊण किलोमीटरच्या जवळ जातो. मासळीच्या पट्ट्यासाठी इतकी चूक चालून जाते, कारण पट्टाच किलोमीटरांमध्ये असतो. पण त्याच सवयीने खडकाची किंवा बुडालेल्या बोटीची जागा नोंदवली तर जाळं फाटून येतं. जीपीएसच्या सेटिंगमध्ये आकड्यांची पद्धत बदलता येत असेल तर एकदाच बदलून टाकावी. होकायंत्राची काळजी नको. कोकणात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाचाच फरक पडतो, आणि ६० किलोमीटरवर त्याचा एक किलोमीटर होतो.

आता सल्ल्यामागचं शास्त्र. ते माहीत नसलं की माणूस एक तर डोळे झाकून विश्वास ठेवतो, नाही तर पहिल्या रिकाम्या फेरीनंतर ॲप काढून टाकतो. उपग्रहाला मासा दिसत नाही. त्याला दिसतं पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याचा रंग, म्हणजे त्यातलं हरितद्रव्य. गरम आणि थंड पाणी जिथे एकमेकांना भिडतं तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, साचतं, त्याच्यामागे लहान मासळी आणि तिच्यामागे मोठी. सल्ला म्हणजे चारा असण्याची जागा. म्हणून तो वरच्या पाण्यात थव्याने फिरणाऱ्या मासळीला लागू पडतो, जसे तारली आणि बांगडा. कुप्यासाठी, म्हणजे ट्यूनासाठी, इन्कॉइस वेगळा सल्ला देतं. तळाशी ट्रॉल ओढून कोळंबी काढणाऱ्याने या ओळीवरून जागा ठरवली तर निराशा पदरात पडणार, आणि दोष ॲपचा नसेल.

किनाऱ्याजवळ आणखी एक घोळ होतो. खाडीतून येणारा गाळ पाण्याचा रंग बदलतो, आणि गढूळ पाण्यात उपग्रहाचा हरितद्रव्याचा अंदाज फुगतो. वाशिष्ठी किंवा सावित्रीच्या मुखासमोरचं ‘चांगलं’ पाणी कधी कधी नुसता चिखल असतो. जवळचा पट्टा दिसला तर फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालची मासळी दाखवणारं यंत्र, लावून खात्री करावी, मगच जाळं सोडावं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सल्ल्याच्या वयाची. उपग्रह पाणी बघतो, माहितीवर प्रक्रिया होते, सल्ला निघतो, बोट पोचते, आणि या सगळ्यात वेळ जातो. अर्धा नॉट चालीचा प्रवाहसुद्धा २४ तासांत पाणी १२ मैल सरकवतो. कालचा सल्ला हातात घेऊन निघालेला तांडेल बरोबर जागी पोचतो. पट्टाच तिथून हललेला असतो. तारीख आणि वैधता वाचल्याशिवाय ओळ वापरू नये. बंदरावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोत नेमका तारखेचाच भाग कापलेला असतो, तेव्हा फोटोवर अवलंबून राहण्यापेक्षा सल्ला स्वतः उघडावा. तारीख ओळीच्या आतच छापली तर हा प्रश्न मुळातच मिटेल.

ढग असले की सल्ला येत नाही, कारण हे उपग्रह ढगापलीकडचं पाणी बघू शकत नाहीत. पुष्कळ जण याला सेवेची उणीव म्हणतात. आमच्या मते हा तिचा सर्वांत मोठा गुण. माहिती नाही तर सल्ला नाही, असं सरळ सांगणारी ॲपं विरळा. बाकीचे रिकामा पडदा दिसू नये म्हणून कालचाच नकाशा पुढे ढकलतील आणि वापर वाढल्याचा तक्ता दाखवतील. खरी पंचाईत ऑगस्टची आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यामुळे त्या ६१ दिवसांत सल्ला नसला तरी बिघडत नाही. पण बंदी उठते तेव्हा आभाळ भरलेलंच असतं. हंगामाच्या तोंडाशी, बोटी बाहेर पडायला सगळ्यात उतावीळ असतात तेव्हाच, सल्ला तुटक-तुटक येतो. त्या दिवसांत तांडेलाच्या अनुभवावरच भिस्त.

पैशाचं गणित सोपं आहे. ट्रॉलरच्या इंजिनाला तासाला १५ लिटर लागतं असं धरा आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास. मासळी शोधत फिरण्याचे चार तास वाचले तर ६० लिटर, म्हणजे एका फेरीला ५,४०० रुपये वाचले. पण सल्ला सगळ्यांना एकच जातो. एकाच पट्ट्यावर सगळ्या बोटी गेल्या आणि संध्याकाळी हर्णैच्या लिलावात बांगड्याचा ढीग पडला, तर वाचलेलं डिझेल भावात जातं. भाव सांगणं हे इन्कॉइसचं काम नाही. मात्र ज्यांना कोकणासाठी ॲप बनवायचं आहे त्यांना इथे मोकळी जागा आहे.

इन्कॉइसच्याच लाटांच्या अंदाजाचा भाग आम्हाला मासळीच्या सल्ल्याहून जास्त मोलाचा वाटतो, आणि त्याचीच चर्चा कमी होते. २०२० मध्ये लहान नौकांसाठी वेगळी इशारा सेवा सुरू झाली. ती सात मीटरपर्यंत रुंदीच्या बोटींसाठी आहे आणि बोट उलटण्याचा धोका कुठे आहे ते दहा दिवस आधीपर्यंत सांगते. नुसत्या उंचीवर ती धोका मोजत नाही, लाटेचा चढही बघते, आणि इथेच ती उजवी ठरते. दोन मीटरची लाट बारा सेकंदांनी येत असेल तर खोल पाण्यात तिची लांबी सव्वादोनशे मीटर भरते आणि होडी आरामात वर-खाली होते. तीच दोन मीटरची लाट पाच सेकंदांनी आली तर लांबी जेमतेम चाळीस मीटर, आणि फायबरची होडी तिच्यात आडवी सापडली तर गेली. उंची वाचताना दोन लाटांमधले सेकंद वाचायला चुकू नये. खाडीच्या तोंडावर वाळू साचलेली असते तिथे ओहोटीचं पाणी समोरून येणाऱ्या लाटेला भिडतं आणि लाट फुटते. एवढ्या छोट्या जागेचा धोका अंदाजाच्या नकाशात दिसत नाही. आणि बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर पडद्यावर काहीही हिरवं दिसो, होडी ओढून वर ठेवावी.

किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर मोबाइलची रेंज संपते, म्हणून सल्ला निघण्याआधी उतरवून घ्यावा. आकडे कागदावर लिहिले तर उत्तम. २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचं यंत्र आलं. ते उपग्रहाकडून संदेश घेऊन ब्लूटूथने फोनला देतं. पण संवाद एकतर्फी: ऐकू येतं, बोलता येत नाही. इंजिन बंद पडलेल्या बोटीला ऐकण्यापेक्षा बोलण्याची गरज जास्त. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे संदेश घेणारं आणि पाठवणारं यंत्र, बसवण्याची योजना सुरू झाली. त्यात ‘नभमित्र’ ॲपवरून दोन्ही बाजूंनी संदेश जातो आणि संकटाची खूणही पाठवता येते. हे पाऊल पाच वर्षं आधी पडायला हवं होतं.

एक गोष्ट पर्ससीनवाल्यांसाठी, म्हणजे मासळीच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढून धरणाऱ्यांसाठी. मासळीचा पट्टा कुठे आहे ते सल्ला सांगतो, तिथे जाळं टाकायला परवानगी आहे की नाही ते सांगत नाही. राज्याच्या हद्दीतले बारा मैल, फेब्रुवारी २०१६ च्या आदेशातले पर्ससीनवरचे निर्बंध आणि राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा हे सगळं आपलं आपण बघायचं. गस्ती नौकेला ॲपवरची ओळ दाखवून सुटका होत नाही.

वीस किलोमीटरपलीकडे जाणाऱ्या आणि वरच्या पाण्यातली मासळी धरणाऱ्या बोटीने ही सेवा रोज बघावी. मालवणचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, खाडीत पाग टाकणारे आणि किनाऱ्यालगत फिरणाऱ्या पाती, म्हणजे लहान होड्या, यांना मासळीच्या पट्ट्याचा काही उपयोग नाही. त्यांनी लाटा आणि वाऱ्याचं पान तेवढं उघडावं.