चेनसॉ तापतोय: ब्रेक बदलायचा, इंजिन उघडायचं की नवीन घ्यायचा?

मे उजाडला की ठाण्यात आणि नवी मुंबईत सोसायट्यांच्या फांद्याछाटणीची घाई सुरू होते, आणि दुरुस्तीच्या दुकानांत तक्रार येते ती एकच: मशीन तापतंय, चेन थांबवणाऱ्या ब्रेकजवळचं प्लास्टिक वितळलंय. मिस्त्री ‘ब्रेक गेला’ म्हणतो, नवं कव्हर बसवतो. पण नुसतं कव्हर बदलून भागत नाही. ब्रेक कशामुळे जळला ते सापडलं नाही, तर नवाही जळणारच.

म्हणून पैसे काढण्याआधी उष्णता कुठे आहे ते बघा. मशीन बंद करून, थोडं निवल्यावर साइड कव्हर काढा. ड्रम (क्लचभोवतीची, चेन फिरवणारी वाटी) निळा-जांभळा पडलाय, कव्हर आतून वितळलंय, पण सिलिंडरच्या बाजूला काहीच जळलेलं नाही? मग दोष क्लचकडे आहे. ड्रम चकचकीत आहे, पण मशीन गरम झालं की दम टाकतं आणि थंड झाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही? तर इंजिनाकडे वळा. नुसता बार (चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) तापत असेल तर चेन बोथट आहे, जास्त ताणलीय किंवा ऑइल पोचत नाहीये. बोथट चेन ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पाडते, लगेच कळतं.

क्लचचं जरा सविस्तर सांगतो, कारण फसगत इथेच होते. इंजिनाचा वेग वाढला की क्लचचे शू (आतले घासणारे तुकडे) बाहेर फेकले जातात आणि ड्रमला आतून धरतात. ब्रेकचा पोलादी पट्टा त्याच ड्रमला बाहेरून आवळतो. ब्रेक लागलेला असताना कुणी रेस दिली की ड्रम जागच्या जागी आणि शू आत घासत राहतात. थोड्याच वेळात धूर. शेजारीच ऑइल पंपाला फिरवणारा वर्म गिअर असतो, बऱ्याच मॉडेलांत प्लास्टिकचा. तो वितळला की चेनला ऑइल जाणं बंद, मग बारही तापतो, आणि आपण नवा पंप शोधत बसतो.

ब्रेक सोडायला विसरणं हे एक कारण. दुसरं, ब्रेक लावून चोकवर सुरू केल्यावर मशीन तसंच वाढीव रेसवर ठेवणं; इंजिन पकडल्याबरोबर ट्रिगर एकदा दाबून सोडला की ते आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी वेगावर, येतं. तिसरं कारण मशीनमध्येच: ब्रेक सोडून आयडलवर ठेवा, चेन सरकता कामा नये. सरकली तर आयडलचा स्क्रू कमी करा. तरीही सरकली तर क्लचची स्प्रिंग ढिली किंवा तुटलेली समजा.

ही दुरुस्ती करण्यासारखी आहे, फक्त ड्रम, पट्टा, स्प्रिंगा आणि वर्म एकदमच तपासून घ्या. बहुतेक चेनसॉच्या क्लचला उलटे आटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावलात तर तो आणखी आवळला जातो.

इंजिनाचं गणित वेगळं. आधी फुकटातली कामं: एअर फिल्टर धुवा, सिलिंडरच्या पात्यांमधला भुसा काढा. ओल्या लाकडाचा भुसा तिथे चिखलासारखा बसतो. पेट्रोलमधलं टू-स्ट्रोक ऑइल अंदाजाने ओतू नका. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25:1 म्हणजे 40, तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत असेल ते. मग सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघा. गुळगुळीत असेल तर कार्बोरेटर आणि हवेची गळती तपासून काम भागेल. उभे ओरखडे दिसले तर सिलिंडर-पिस्टन दोन्ही आले. सुटे भाग सहज मिळणाऱ्या कंपनीचं मशीन असेल तर माझ्या मते खर्च करावा. बिननावाच्या स्वस्त 58 सीसी मशीनसाठी मी करणार नाही. सिलिंडर-पिस्टनच्या किटचा भाव नव्या मशीनशेजारी ठेवून बघाच.

बॅटरीचं? सोसायटीतल्या मनगटाएवढ्या फांद्यांना पुरतं, कार्बोरेटर-मिश्रणाची कटकट नाही. जुलैत आडव्या पडलेल्या रेन ट्रीच्या बुंध्याला मात्र पेट्रोलच हवं. (छाटणीसाठी पालिकेची परवानगी आधी काढा, मशीन नंतर.)

एक गोष्ट तडजोडीची नाही. पट्टा तुटला किंवा ब्रेक लागत नसेल, तर ‘आजचा दिवस काढू’ म्हणत मशीन हातात घेऊ नका. बारच्या टोकाने उसळी मारली तर चेन थांबवायला तोच असतो. दुरुस्तीनंतर दुकानातच, दोन्ही हातांनी मशीन घट्ट धरून, पूर्ण रेसवर मनगटाने हँडगार्ड (पुढच्या हँडलसमोरचा ब्रेकचा दांडा) पुढे ढकला आणि ट्रिगर लगेच सोडा. चेन तत्काळ थांबली, तरच पैसे द्या.