जुनी इटालियन पोलादी रोड सायकल: ओळख पटवताना आणि सुधारताना

रंग बदललेली आणि स्टिकर केव्हाच निघून गेलेली ही पोलादी रोड सायकल इटालियन आहे, हे विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा तिच्या बॉटम ब्रॅकेटने (पेडलच्या दांड्यांचा आस जिथे फिरतो तो भाग) अधिक खात्रीने सांगितले, कारण त्याचे शेल, म्हणजे फ्रेममधली आडवी नळी, 70 मिलिमीटर रुंद होते आणि दोन्ही बाजूंचे आटे उजवे होते. याच रचनेमुळे चेनच्या बाजूचा कप, म्हणजे शेलमध्ये आवळलेली बेअरिंगची वाटी, पेडल मारता मारता सैल होतो. माझा दोनदा झाला, आणि आट्यांना थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून नवे कार्ट्रिज, म्हणजे बेअरिंगचा बंद संच, घट्ट आवळल्यावरच त्यातून येणारी कुरकुर थांबली. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा फ्रेमच्या नळीत शिरणारा दांडा, 27.2 मिलिमीटरचा, म्हणजे बराच जाड, निघाल्याने नळ्या पातळ आणि वजनाला हलक्या, बहुधा कोलंबस या इटालियन नळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या, असाव्यात. कंपान्योलो या इटालियन कंपनीचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो ती फ्रेमची टोके) पाहून मात्र भुलू नये, ते इतर देशांतले कारागीरही वापरत.

मागच्या दोन ड्रॉपआउटमधले अंतर 126 मिलिमीटर होते. आठ गिअरचे 130 मिलिमीटरचे चाक बसावे म्हणून जाणकाराकडून फ्रेम न तापवता, दोन्ही बाजू समान राखून रुंद करून घेतली. पोलादाला हे सोसते, ॲल्युमिनियमवर असा प्रयोग करू नये. ब्रेकचे पॅड बदलल्याने थांबणे सुधारले. चढावर ती कार्बनच्या सायकलीमागे पडते, पण वेगात उतरताना हँडल हातात अगदी शांत राहते.