डोन्ट टेल अ सोल: आठ महिने ऐकल्यावर

रिप्लेसमेंट्स या अमेरिकन रॉक बँडचा हा अल्बम मी ऐकायला घेतला तो नावं ठेवायच्या तयारीनेच. या बँडचे जुने चाहते त्याच्याबद्दल बोलतात ते घरातल्या वाया गेलेल्या पोराबद्दल बोलावं तसं. फरक एवढाच की इथे पोरगं सुधारलं, हीच तक्रार आहे.

बँड मिनिआपोलिसचा. 1984च्या 'लेट इट बी'पर्यंत ट्विन/टोन या तिथल्याच छोट्या कंपनीकडे होता, मग सायर या मोठ्या कंपनीकडे गेला. दारू पिऊन स्टेजवर चढायचं, गाणं अर्ध्यात सोडायचं, ही यांची ख्याती. 1986 मध्ये बॉब स्टिन्सन या मूळ गिटारवाल्याला काढलं, पुढे स्लिम डनलॅप आला, आणि 1989च्या फेब्रुवारीत हा अल्बम. निर्मिती बँडसोबत मॅट वॉलेसची. पण शेवटचं मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा मेळ घालणं, दिलं ख्रिस लॉर्ड-आल्जीला. हेतू उघड होता: रेडिओवर वाजलं पाहिजे.

पहिले दोन महिने लोकलमध्ये हेडफोनवर ऐकला. खेळता खेळता धरून आणलेली, तोंड धुऊन, केस चापून बसवून फोटोला उभी केलेली पोरं असतात ना, तसा आवाज. स्नेअर ड्रमचा ठोका रिकाम्या हॉलमध्ये पत्र्याचं दार आपटावं तसा घुमतो. गिटारी काचेमागून ऐकल्यासारख्या. गायक पॉल वेस्टरबर्गचा गळा मुळात खरखरीत, तोही कोणीतरी इस्त्री करून ठेवलेला. मी वैतागून बंद करायचो आणि दोन दिवसांनी परत लावायचो. परत का लावतोय, हे कळायला वेळ लागला.

कारण 'टॅलेंट शो'. पहिलंच गाणं. स्पर्धेत उतरलेला, घाबरलेला, थोडा उसनं अवसान आणणारा बँड. सहावा अल्बम काढणारी माणसं सुरुवातीलाच सांगतायत की आम्हाला अजून स्टेजवर धडधडतं. मग ही झिलई मला वेगळी ऐकू यायला लागली. तो गुळगुळीतपणा म्हणजे या पोरांनी मुलाखतीला घातलेला उसना शर्ट आहे. खांद्यात बसत नाही, आणि बसत नाही हे त्यांनाही माहीत आहे.

'आय'ल बी यू'ला मात्र तो शर्ट मापाचा आहे. हे गाणं चकचकीतच हवं. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या मॉडर्न रॉक आणि अल्बम रॉक या दोन्ही याद्यांत ते पहिलं आलं, पण मुख्य हॉट 100 मध्ये 51वर अडकलं. ज्या दारासाठी एवढी रंगरंगोटी केली, ते फटीएवढंच उघडलं. अल्बम 57पर्यंत गेला. 1991 मध्ये बँड मोडला.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात 'डेड मॅन्स पॉप' हा 2019चा संच हाती लागला. त्यात वॉलेसने स्वतः मिक्स केलेली आवृत्ती आहे, गाण्यांचा क्रमही वेगळा. इथे मात्र माझी सगळी मतं हलली. 'दे'र ब्लाइंड' आणि 'रॉक 'एन' रोल घोस्ट' ही गाणी मी जुन्या मिक्समध्ये सरळ पुढे ढकलायचो. नुसता धुकट घुमारा वाटायचा. वॉलेसच्या मिक्समध्ये गळा अगदी कानाशी येतो, ड्रम्स खोलीतल्या ड्रम्ससारखे वाजतात आणि लक्षात येतं की 'घोस्ट' हे या बँडच्या सर्वांत उदास गाण्यांपैकी एक आहे. रात्री दिवे घालवून ऐकावं. (संचात मिलवॉकीची 1989ची मैफलही आहे. शर्ट काढून फेकलेली पोरं ऐकायची असतील तर तिकडे जा.)

म्हणून मग जुना मिक्स टाकून दिला का? नाही. 'वी'ल इनहेरिट द अर्थ'चा तो फुगलेला, मिरवणुकीसारखा थाट मला नव्यात थोडा उणा वाटतो. 'आस्किंग मी लाइज' कुठेही चालतं, पाय हलतातच. 'एकिन' टू बी' मुळातच इतकं सरळ आहे की त्याला कोणी बिघडवू शकलेलं नाही.

नव्याने ऐकणाऱ्याने आधी 1989चाच लावावा, दोन आठवडे चिडावं, मग वॉलेसचा. उलट केलंत तर पहिला कधी सहनच होणार नाही.

सध्या माझी वाटणी ठरलेली आहे. सकाळच्या गर्दीत जुना, कारण त्या खडखडाटातही तो पत्र्याचा ठोका ऐकू येतो. घरी नवा. 'आय वोन्ट' मात्र दोन्हीकडे पुढे ढकलतो; ते कोणत्याच मिक्सला वाचवता आलेलं नाही.