यूएसबी वायरवाला यूपीएस : दोन खरिपांनंतर

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात, घराच्या ओसरीत माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, सगळं एकाच डेस्कटॉपवर. मागच्या वर्षी जूनमध्ये मी हा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस, म्हणजे लाईन गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा, घेतला, मागून यूएसबीची वायर निघणारा. साध्यापेक्षा दीड हजार जास्त गेले.

आधीचा यूपीएस लाईन गेली की नुसता टीं टीं करायचा. विम्याची मुदत ३१ जुलैची. एका संध्याकाळी अकरा जणांचे सातबारे आणि पासबुकं स्कॅन झाली होती, नावं देऊन सेव्ह करायची तेवढी बाकी. मी पाणी आणायला आत गेले आणि यूपीएस बसला. सारं गेलं. लोकांना परत बोलवावं लागलं, त्यातल्या दोघांची रोजी बुडाली. ते मला फार लागलं.

नव्याची वायर कॉम्प्युटरला लावताच विंडोजमध्ये खाली उजवीकडे लॅपटॉपसारखं बॅटरीचं चिन्ह आलं. खरा फायदा इथून सुरू होतो. पॉवर ऑप्शन्समध्ये बॅटरी 'क्रिटिकल', म्हणजे ठरवलेल्या टक्क्यांपर्यंत खाली, आली की काय करायचं ते ठरवता येतं. मी तिथं हायबरनेट ठेवलं. स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्येच, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतच राहतं आणि रॅमला थोडी का होईना वीज लागतेच. यूपीएस संपला की काम गेलं. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर उतरतं आणि मशीन पूर्ण बंद होते. डेस्कटॉपवर हायब्रिड स्लीप चालू असेल तर स्लीपमध्ये जातानाही डिस्कवर एक प्रत पडते, म्हणून तेही मी चालू ठेवलंय.

'क्रिटिकल'चा आकडा मात्र बदलाच. आधीपासून तो अगदी कमी असतो, आणि जुनी बॅटरी वीस टक्क्यांवरून एकदम शून्यावर येते. मी ४० ठेवला. माझ्याकडे एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क आहे, म्हणून सगळं उतरायला पंधरा सेकंदही लागत नाहीत. जुन्या हार्ड डिस्कवर मिनिटभर धरून चाला.

यंदा जुलैत पुन्हा तसंच झालं. वादळ, लाईन गेली, स्क्रीन काळी झाली. समोर बसलेले आबाजी म्हणाले, "आता पुन्हा सारं करा लागते का वं पोरी?" पाऊण तासानं लाईन आली, बटण दाबलं, तर त्यांच्या सातबाऱ्याचा स्कॅन जिथं कडा कापून अर्धा झाला होता तिथंच उघडा. "नाही आबाजी, फक्त लॉगिन करा लागते," मी सांगितलं. कारण तेवढ्या वेळात पोर्टल आपल्याला बाहेर काढतंच, त्यात भरलेलं आणि सेव्ह न केलेलं परत येत नाही. ते या यूपीएसच्या हातात नाही.

रात्री मशीन स्लीपमध्ये ठेवली तर ती आपोआप जागी होऊन पंखा घुरघुरायचा. ते यूपीएसचं नव्हतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाला कॉम्प्युटर जागा करायची परवानगी होती. ती टिक काढली आणि थांबलं.

लेझर प्रिंटर यावर लावू नका. छापताना तो गरम व्हायला एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होतो. माझा प्रिंटर भिंतीच्या बोर्डावरच आहे.

बॅटरी आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची, शिसं-आम्लाची. नवी असताना कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून बावीस मिनिटं चालायचे, आता तेरा. अशा बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, आणि आमच्याकडचा मे महिना ४५ चा. पहिल्या उन्हाळ्यात मी यूपीएस पश्चिमेच्या टिनाजवळ ठेवला होता, ती माझी चूक. आता तो टेबलाखाली फरशीवर, भिंतीपासून हातभर दूर आहे.

घेताना डबा दुकानातच उघडून पाहा. प्रिंटरला लागते तशी चौकोनी तोंडाची यूएसबी वायर आत असायला हवी. माझ्या डब्यात नव्हती, आणि तेवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी केंद्र बंद ठेवून मला एसटीनं पुन्हा आर्वीला जावं लागलं.