कोकाटू बेट, सिडनी: गोदीत काम केलेल्यांनी आवर्जून जावं

मुंबईत जहाज दुरुस्तीच्या कामात मी ३१ वर्षं फिटर होतो. सिडनीला लेकीकडे आलो, ऑपेरा हाऊस झालं, पूल झाला, दोन-तीन बीच झाले. "बाबा, आता कुठे जाऊ या?" असं तिने विचारलं तेव्हा म्हटलं, मला ती बंद पडलेली गोदी दाखव. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही पाच जण कोकाटू बेटावर गेलो, रात्री तंबूत राहिलो आणि रविवारी दुपारी परतलो. माझ्याकडून पाचपैकी पाच. का, ते सांगतो.

सर्क्युलर कीच्या धक्क्यावरून फेरीबोट मिळते, ओपल कार्ड (इथलं बस-ट्रेन-बोटीचं प्रवास कार्ड) चालतं, बोट हार्बर ब्रिजच्या खालून जाते. बेटावर उतरायला आणि फिरायला पैसे पडत नाहीत. माहिती सांगणाऱ्याबरोबरची फेरी आणि मुक्काम यांचे वेगळे. आम्ही ती फेरी एका मध्यस्थ वेबसाइटवरून घेतली आणि त्यांनी आम्हाला भलतीच वेळ कळवली, त्यामुळे ती हुकली. तुम्ही थेट बेटाच्याच साइटवरून घ्या.

पॅरामाटा आणि लेन कोव्ह या दोन नद्या जिथे एकत्र येतात तिथे हे बेट आहे. मूळ रहिवाशांच्या भाषेतलं त्याचं नाव वारेआमा. इंग्रजांनी १८३९ पासून १८६९ पर्यंत इथे कैदी ठेवले. वरच्या टेकाडावर त्यांनीच बांधलेल्या दगडी बराकी आहेत, आणि मातीखाली गाडल्या गेलेल्या शिक्षेच्या कोठड्या २००९ मध्ये उत्खननात सापडल्या. धान्य साठवायला त्यांच्याकडून खडकात बाटलीच्या आकाराची कोठारं कोरून घेतली होती. आमच्या घरच्यांनी ती पाहिली आणि लगेच म्हणाल्या, "अहो, ही तर आपली पेवंच की!" त्यांच्या माहेरी अंगणात पेव होतं. इथे फरक एवढाच, की माती नाही, सगळा अखंड दगड, आणि खणणाऱ्यांच्या पायांत बेड्या. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातली अशी ११ ठिकाणं मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यातलं हे एक.

पण माझा जीव खाली होता, पाण्याजवळ. फिट्झरॉय ही सुकी गोदी कैद्यांनी १८४७ ते १८५७ अशी दहा वर्षं खडक फोडून तयार केली. काठावर मी अर्धा तास तरी उभा होतो. नातवाला समजावून सांगितलं: पाणी आत घ्यायचं, जहाज तरंगत आणायचं, दरवाजा लावायचा, मग पंपाने पाणी उपसायचं. पाणी उतरतं तसं जहाज ठोकळ्यांवर अलगद बसतं. ते ठोकळे सूतभर चुकले तरी तळाची प्लेट दबते. दोन्ही बाजूंना या दगडी पायऱ्या असतात त्या चढायला नव्हे, तर जहाजाला टेकू लावायला. दीडशे वर्षांपूर्वीचा हा दगड इतका नीट बसवलाय की सांध्यात पट्टी घालून बघावीशी वाटली. आपल्या मुंबईच्या नौदल गोदीतली डंकन गोदी याहूनही चाळीसेक वर्षं जुनी आहे आणि आजही तिथे काम चालतं, हे मी त्याला अभिमानाने सांगितलं.

मग टर्बाइन शॉप आणि मशिनांच्या शेड. छप्पर एवढं उंच, की बोललं तर आवाज परत येतो. मोठ्या लेथ, म्हणजे धातू फिरवत कातायची यंत्रं, आहेत तिथेच उभ्या आहेत. एका लेथच्या हँडव्हीलची मूठ झिजून आरशासारखी झाली होती. तेवढीच जागा, बाकी सगळा गंज. कुणाचा तरी उजवा तळवा वर्षानुवर्षं तिथे बसला असणार. मी माझा ठेवला. "आजोबा, तुम्ही असंच करायचात?" नातू म्हणाला. शाफ्ट चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, कसा धरायचा, डायल लावून काटा किती हलतो ते कसं बघायचं, सगळं त्याला हात फिरवून दाखवलं. घरात कितीदा सांगितलं होतं, पण मी काय काम करत होतो ते पोराला त्या दिवशी कळलं.

मी जिथे होतो तिथली जुनी लेथ भंगारात गेली. ट्रक गेटबाहेर पडेपर्यंत आम्ही सहा जण मागे उभे होतो, कुणीच बोललं नाही. इथेही सगळं वाचलं नाही. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर या भागातल्या लढाऊ जहाजांच्या दुरुस्तीचा मोठा भार याच बेटावर होता, पण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काम थांबलं तेव्हा कितीतरी इमारती पाडल्या आणि यंत्रं लिलावात गेली. उरलं ते सांभाळलं सिडनी हार्बर फेडरेशन ट्रस्टने. बंदराभोवतीच्या लष्कराच्या जमिनी रिकाम्या होऊ लागल्या, त्या विकून घरं बांधायचं चाललं होतं, तेव्हा आसपासचे रहिवासी आडवे आले. २००१ मध्ये कायदा झाला आणि ट्रस्ट उभा राहिला. आज नॉर्थ हेड, मिडल हेड, वूलिचची गोदी, मॅक्वारी दीपगृह, पाणबुड्यांचा जुना तळ प्लॅटिपस असं बरंच काही त्यांच्याकडे आहे.

त्यांची पद्धत मला पटली. जुनी इमारत कुलूप लावून ठेवत नाहीत. कुणाला भाड्याने देतात, कुठे चित्रप्रदर्शन भरतं, लोक मुक्कामाला येतात, आणि त्या पैशाचा डागडुजीला हातभार लागतो. डागडुजी म्हणजे रंगरंगोटी नव्हे. गंज, तेलाचे डाग, भिंतीवरचे जुने आकडे ठेवलेत. कारखाना धुऊन-पुसून देखणा केला की त्यातला कामगार पुसला जातो, हे इथे कुणाला तरी कळलंय. आमच्या पूर्व किनाऱ्याच्या गोद्यांमध्ये, ससून डॉक ते शिवडी, असं एखादं शेड लोकांना आत जाऊन बघता यावं, एवढं मला मनापासून वाटतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सीगल पक्ष्यांपासून सांभाळा. वसंतात त्यांची घरटी असतात, पिल्लांजवळ गेलात तर डोक्यावर झेपावतात. टोपी हवीच, उन्हालाही आणि त्यांनाही. वर जायला चढ आहे. गुडघे दुखत असतील तर बेटाच्या पोटातून जाणारा १९१५चा बोगदा गाठा, आत गारवा असतो आणि चढ न चढता पलीकडे निघता येतं. खायला मिळतं, पण आम्ही दशम्या, चटणी आणि बटाट्याची भाजी नेली होती. ती कोरड्या गोदीकडे तोंड करून खाल्ली. तयार तंबू पाण्याच्या अगदी काठाला आहेत. रात्री वारा सुटतो, अंगावर जाड काहीतरी घ्या.

पहिल्या पाळीची सवय म्हणून मला पाचलाच जाग आली. बाहेर आलो तर क्रेनवर पाखरं बसलेली, पाणी अगदी स्थिर. मागून नातू उठून आला, माझ्या शालीत शिरला आणि विचारलं, "आजोबा, ती क्रेन किती टन उचलायची?" आता पुढच्या शनिवारी प्लॅटिपसला जायचं ठरलंय, आणि डब्यात दशम्याच हव्यात असं त्याने आजीला आजच सांगून ठेवलंय.